पाळी बदलताना लॉगिन रखडते, म्हणून तिसरा सर्व्हर घ्यावा का?

प्रश्न थोडक्यात असा. गोव्यात वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत एक औषधनिर्मिती कंपनी आहे, मुख्य कार्यालय मुंबईला. इथे साडेतीन हजारांच्या आसपास माणसे, तीन पाळ्या. कायम नोकरीतल्यांची खाती ॲक्टिव्ह डिरेक्टरीत (मायक्रोसॉफ्टची खाती सांभाळणारी प्रणाली), कंत्राटी कामगारांची थेट कीक्लोकमध्ये (एका लॉगिनवर सगळी ॲप्लिकेशने उघडून देणारे सॉफ्टवेअर). कीक्लोकची २६ वी आवृत्ती दोन सर्व्हरवर चालते, प्रत्येकी चार कोअर. मागे पोस्टग्रेस हा डेटाबेस, पुढे विनंत्या आत पोचवणारा वेब सर्व्हर एनजिनएक्स. सकाळी सातला पाळी बदलते तेव्हा लॉगिनला पाऊण मिनिट लागते आणि काही वरिष्ठ अधिकाऱ्यांना लॉगिन झाल्या झाल्या ५०२ या त्रुटीची (मागच्या सर्व्हरचे उत्तर नीट आले नाही) पाटी दिसते. तिथल्या आयटी प्रमुखांनी विचारले आहे: तिसरा सर्व्हर घ्यावा का, पासवर्डचे हॅशिंग (पासवर्ड उलटा काढता येऊ नये अशा रूपात साठवणे) हलके करावे का, आणि टोकनची (लॉगिननंतर मिळणाऱ्या सही केलेल्या डिजिटल पासाची) मुदत पाच मिनिटांवरून तासभर केली तर भार उतरेल का? जाता जाता त्यांनी हेही लिहिले आहे की गेल्या ऑडिटमध्ये काम सोडून गेलेल्या काही कंत्राटी कामगारांची खाती चालू सापडली.

तिन्ही प्रश्नांना माझे आजचे उत्तर 'नाही' असे आहे. आणि जाता जाता लिहिलेली ती शेवटची ओळ मला बाकी सगळ्यापेक्षा गंभीर वाटते. पण आधी वेगाचे बघू, कारण रोज सकाळी माणसे खोळंबतात ती त्यापायी.

थोडी आकडेमोड करा. एका पाळीला बाराशे माणसे धरली आणि ती सगळी दोन मिनिटांत लॉगिन करतात असे मानले, तरी सेकंदाला दहा लॉगिन झाली. कीक्लोकच्या अधिकृत मार्गदर्शिकेत ढोबळ हिशेब दिला आहे: पासवर्डने होणाऱ्या सेकंदाला १५ लॉगिनमागे एक व्हर्च्युअल कोअर. वर दीडशे टक्के राखीव ताकद ठेवा, असेही ती सांगते. ती धरूनही तुमची गरज दोन कोअरच्या आत राहते. तुमच्याकडे आठ आहेत. एक सर्व्हर बंद पडला तरी चार उरतात. म्हणजे ताकद कमी पडते असे मानायला काही आधारच नाही. तिसरा सर्व्हर आणला तर तोही पहिल्या दोघांसारखाच वाट बघत उभा राहील.

वाट कोणाची, हे शोधायचे आहे. लॉगिन हे दिसायला एक काम, पण आत पाच-सहा कामांची रांग असते. एनजिनएक्स विनंती कीक्लोककडे देते. कीक्लोक डोमेन कंट्रोलरला (ॲक्टिव्ह डिरेक्टरी चालवणाऱ्या सर्व्हरला) विचारते की हा माणूस कोण, मग त्याने दिलेल्या पासवर्डने बाइंड करून, म्हणजे तिथे त्याच्या नावाने आत शिरून, बघते, त्याचे गट आणते, सेशन (लॉगिन चालू असल्याची नोंद) डेटाबेसमध्ये लिहिते, टोकनवर सही करते आणि ब्राउझरला ॲप्लिकेशनकडे परत पाठवते. पाऊण मिनिट यातल्या कोणत्या टप्प्यावर जाते ते कळल्याशिवाय कुठल्याही सेटिंगला हात लावू नका. एनजिनएक्सच्या लॉगमध्ये विनंतीचा एकूण वेळ आणि मागच्या सर्व्हरने घेतलेला वेळ, असे दोन्ही रकाने चालू करा. दोन्ही आकडे सारखेच मोठे असतील तर अडचण कीक्लोकमध्ये किंवा त्याच्या मागे आहे. मग कीक्लोकचे मेट्रिक्स (त्याच्या स्वतःच्या कामाचे आकडे) उघडा. २५ व्या आवृत्तीपासून ते ९००० या वेगळ्या पोर्टवर मिळतात (हे पोर्ट फक्त तुमच्या देखरेखीच्या सर्व्हरला दिसले पाहिजे, बाकी कोणाला नाही). सातच्या सुमारास सीपीयू निवांत आणि लोक मात्र ताटकळलेले, असे चित्र दिसले तर कीक्लोक दुसऱ्या कोणाच्या तरी उत्तरासाठी थांबले आहे. तुमच्या वर्णनावरून मला तेच दिसेल असे वाटते, आणि तो दुसरा बहुधा डोमेन कंट्रोलर असेल.

तिथे पहिली जागा म्हणजे एलडॅपचा (डिरेक्टरीला विचारणा करण्याच्या भाषेचा) पत्ता. कीक्लोकच्या सेटिंगमध्ये तिथे नुसते डोमेनचे नाव लिहिले आहे का ते पाहा. विंडोजचा संगणक आपल्या साइटमधला (त्याच ठिकाणच्या नेटवर्कमधला) जवळचा डोमेन कंट्रोलर शोधून काढतो. कीक्लोक जावावर चालते आणि जावाला 'साइट' ही गोष्ट ठाऊक नसते. डोमेनचे नाव दिले की डीएनएस (नावावरून पत्ता सांगणारी सेवा) सगळ्या कंट्रोलरांचे पत्ते फिरवून फिरवून देते, आणि जो हाती येईल तिथे विचारणा जाते. तो वेर्ण्याचा असेल किंवा मुंबईचा. गोव्यातल्याच कुंडईच्या एका कारखान्यात मी नेमके हेच पाहिले आहे. लॉगिन कधी झटक्यात व्हायचे, कधी रखडायचे, आणि त्यात काही सूत्र दिसत नव्हते. शेवटी कीक्लोकच्या सर्व्हरवरून बाहेर जाणाऱ्या जोडण्या नोंदवल्या आणि प्रत्येक रखडलेल्या लॉगिनसमोर समोरच्या कंट्रोलरचा आयपी लिहिला. रखडलेली सगळी लॉगिन परराज्यातल्या मुख्य कार्यालयाच्या पत्त्यावर गेली होती. सकाळी त्या लीज्ड लाइनवरून रात्रीच्या बॅकअपची शेपूटही जात असे, म्हणून त्याच वेळी त्रास जास्त. पत्त्याच्या रकान्यात जवळच्या दोन कंट्रोलरांची पूर्ण नावे, मध्ये मोकळी जागा सोडून, एकामागून एक देता येतात. तसे दिले आणि तक्रार थांबली. नावे त्या कंट्रोलरांच्या प्रमाणपत्रावर आहेत ना, तेवढे आधी तपासा, नाहीतर ६३६ या सुरक्षित पोर्टवरची जोडणीच नाकारली जाईल.

दुसरी जागा गटांची. कीक्लोकच्या गट-मॅपरमध्ये (डिरेक्टरीतले गट उचलून आणणाऱ्या सेटिंगमध्ये) गट आणण्याचे तीन मार्ग असतात. त्यातला एक 'रिकर्सिव्ह', म्हणजे गटातला गट, त्याच्या आतला गट असे करत शेवटपर्यंत जाणारा. त्यासाठी ॲक्टिव्ह डिरेक्टरीत एक खास जुळणी-नियम वापरला जातो, आणि गटांची उतरंड खोल असेल तर तो कंट्रोलरला फार जड जातो. औषध कंपन्यांत ही उतरंड खोल असतेच: क्यूएच्या (गुणवत्ता हमी विभागाच्या) गटात प्लांटचा गट, त्यात ब्लॉकचा, त्यात एखाद्या उपकरणाचा, आणि कोणीतरी वर्षांपूर्वी जोडून ठेवलेला आणखी एखादा. शक्य असेल तिथे 'मेंबरऑफ'वरून (माणसाच्या नोंदीतल्या गटांच्या यादीवरून) गट घ्या आणि ज्या गटांची ॲप्लिकेशनला खरोखर गरज आहे तेवढेच आणा. अशा गटांना एक ठरावीक उपसर्ग द्या आणि फिल्टरमध्ये तोच लावा. एखादे ॲप्लिकेशन आतल्या गटांवर अवलंबून असेल तर त्याच्यासाठी वेगळा, सपाट गट करा. हे काम कंटाळवाणे आहे, विभागप्रमुखांशी बोलावे लागते, पण वेगाचा सगळ्यात मोठा फायदा मला नेहमी इथेच मिळाला आहे. कंट्रोलरच्या बाजूने पुरावा हवा असेल तर तिथे 'फील्ड इंजिनिअरिंग' या निदान-नोंदीची पातळी ५ वर न्या. महाग पडणारे शोध १६४४ या क्रमांकाच्या इव्हेंटमध्ये नोंदले जातात, कोणत्या सर्व्हरकडून आले आणि किती नोंदी चाळाव्या लागल्या यासकट. एक सकाळ नोंद घ्या आणि पातळी परत खाली आणा.

बाकी एलडॅपचे थोडक्यात. जोडणीचा आणि वाचनाचा टाइमआउट (किती वेळ वाट बघायची ती मर्यादा) हे रकाने रिकामे सोडू नका. कंट्रोलर मुका झाला तर प्रत्येक विनंती कीक्लोकचा एक धागा (एका वेळी एक काम करणारा हात) अडवून बसते, आणि मग ज्यांचा ॲक्टिव्ह डिरेक्टरीशी काही संबंध नाही त्या कंत्राटी कामगारांचे लॉगिनही थांबते. काही सेकंदांची मर्यादा घाला. जावाच्या मूळ मांडणीत जोडण्यांचा साठा फक्त साध्या जोडण्यांसाठी राखला जातो. तुम्ही ६३६ वापरत असाल तर तुमच्या मांडणीत साठा राखायच्या जोडण्यांच्या यादीत एसएसएल (सुरक्षित जोडणी) आहे का ते पाहा, नाहीतर प्रत्येक शोधाला नव्या टीएलएस हस्तांदोलनाचा (सुरक्षित जोडणी जुळवण्याचा) खर्च पडतो. शोधाचा आरंभ डोमेनच्या मुळापासून न करता तुमच्या ओयूपासून (डिरेक्टरीतल्या तुमच्या खात्यांच्या कप्प्यापासून) करा. मुळापासून शोधले की कंट्रोलर 'इकडेही बघा, तिकडेही बघा' असे रेफरल देतो आणि त्यामागे धावण्यात सेकंद जातात.

आता हॅशिंग. ॲक्टिव्ह डिरेक्टरीतल्या माणसाचा पासवर्ड कीक्लोक तपासतच नाही. ते काम कंट्रोलर करतो. त्यामुळे कीक्लोकमधले हॅशिंग कितीही हलके केले तरी तुमच्या कायम कर्मचाऱ्यांचे लॉगिन तसूभरही वेगाने होणार नाही. फरक पडेल तो फक्त कंत्राटी कामगारांच्या स्थानिक खात्यांना, आणि तोही वाईट अर्थाने. २४ व्या आवृत्तीत पीबीकेडीएफ२ या हॅशिंग-पद्धतीच्या २,१०,००० फेऱ्या झाल्या, २५ पासून आर्गॉन२ ही दुसरी पद्धत आली. हे जाणूनबुजून जड केलेले आहे. उद्या डेटाबेसची प्रत कोणाच्या हाती लागली तर पासवर्ड फोडायला वेळ लागावा, एवढ्यासाठी. त्या कामगारांचे पासवर्ड फार मजबूत नसणार, हे तुम्हालाही ठाऊक आहे आणि मलाही. म्हणून तिथे हात लावू नका.

टोकनच्या मुदतीचेही तसेच. बहुतेक ॲप्लिकेशने टोकन आल्यावर सही आणि मुदत स्वतःच तपासतात, दर वेळी कीक्लोकला विचारत नाहीत. मुदत तासाभराची केली तर दुपारी दोनला काढून टाकलेला माणूस तीनपर्यंत बॅच रेकॉर्ड (औषधाच्या खेपेची उत्पादन-नोंद) उघडू शकतो. आणि वाचते काय? बाराशे माणसे, प्रत्येकी तीन ॲप्लिकेशने, दर पाच मिनिटांनी नवे टोकन: सेकंदाला बारा विनंत्या. त्याच मार्गदर्शिकेत अशा १२० विनंत्यांना एक कोअर धरला आहे. म्हणजे एका कोअरच्या दहाव्या हिश्शासाठी तुम्ही तासाभराची खिंड उघडी ठेवणार. सेशनचे मूळ आकडे, अर्धा तास निष्क्रिय आणि जास्तीत जास्त दहा तास, आठ तासांच्या पाळीला आणि थोड्या ओव्हरटाइमला बरोबर बसतात. ते राहू द्या.

वरिष्ठांच्या ५०२ चे कारण मी बरेच खात्रीने सांगू शकतो. वरिष्ठ माणूस अनेक समित्यांवर, अनेक गटांत असतो. त्या गटांमुळे मिळालेली प्रत्येक भूमिका (काय करायची मुभा आहे ते) टोकनमध्ये चढते, टोकन कुकीत किंवा हेडरमध्ये (उत्तरासोबत जाणाऱ्या माहितीच्या ओळींत) जाते, आणि एनजिनएक्सचा उत्तराच्या हेडरसाठीचा बफर (तात्पुरती जागा) मुळात चार किंवा आठ केबीचाच असतो. एरर लॉगमध्ये 'अपस्ट्रीमने फार मोठा हेडर पाठवला' या अर्थाची ओळ सापडेल. बफर वाढवून आजची वेळ निभावेल. पण खरी दुरुस्ती कीक्लोकमध्ये आहे: क्लायंटच्या (कीक्लोकला जोडलेल्या ॲप्लिकेशनच्या) 'फुल स्कोप अलाउड' या सेटिंगची मूळ स्थिती 'चालू' असते, म्हणजे त्या माणसाच्या सगळ्या भूमिका प्रत्येक ॲप्लिकेशनच्या टोकनमध्ये जातात. ते बंद करा, त्या ॲप्लिकेशनला लागणाऱ्या भूमिका तेवढ्या जोडा. कँटीनच्या ॲप्लिकेशनला त्याच्या टोकनमधून कोणाच्या क्यूएच्या भूमिका कळण्याचे काही कारण नाही.

पोस्टग्रेसकडे एक नजर टाका. कीक्लोक प्रत्येक सर्व्हरवरून जास्तीत जास्त १०० जोडण्या उघडू शकते, आणि पोस्टग्रेसची स्वतःची मूळ मर्यादाही सगळ्या मिळून १००. दोन सर्व्हर, मूळ आकडे तसेच ठेवलेले, आणि सकाळची गर्दी: दुसऱ्या सर्व्हरला जोडणी मिळत नाही. तिसरा सर्व्हर आणला असता तर हे आणखी बिघडले असते. प्रत्येकी तीस-चाळीस पुरतात. सुरुवातीचा, किमान आणि कमाल आकडा एकच ठेवा, म्हणजे ऐन गर्दीत नव्या जोडण्या उघडण्यात वेळ जात नाही.

इथपर्यंत वेग. आता ती जाता जाता लिहिलेली ओळ.

काम सोडलेल्या माणसाचे खाते चालू राहते त्याचे कारण सॉफ्टवेअरमध्ये क्वचितच असते. माणूस गेला ही बातमी सॉफ्टवेअरपर्यंत पोचतच नाही. कायम कर्मचाऱ्याचा राजीनामा एचआरच्या प्रणालीत पडतो. कंत्राटी कामगार मात्र कंत्राटदाराच्या मस्टरवर असतो, ते मस्टर सुपरवायझरच्या एक्सेलमध्ये, आणि आयटीला कळते ते पुढच्या ऑडिटला. शिवाय तुमच्याकडे ही खाती थेट कीक्लोकमध्ये आहेत, जिथे स्थानिक खात्याला संपण्याची तारीख लावण्याची साधी सोय नाही. माझा सल्ला स्पष्ट आहे: कंत्राटी कामगारांना ॲक्टिव्ह डिरेक्टरीत वेगळ्या ओयूमध्ये न्या आणि प्रत्येक खात्यावर खाते संपण्याची तारीख घाला. ती तारीख कंत्राटाच्या मुदतीपलीकडे कधीही नको. मुदत वाढली तर कंत्राटदाराने लेखी मागावे, मग तुम्ही वाढवा. विसरले तर खाते आपोआप बंद होते, आणि ज्याला काम करायचे आहे तो दुसऱ्या दिवशी सकाळी तुमच्याकडे येतो. उलट बाजूने विसरले तर कोणीच येत नाही. (परवान्याचा खर्च वाढतो का, ते विक्रेत्याकडून आधी लेखी घ्या.) गेटवरच्या हजेरीच्या यंत्राची नोंदही कामाला लावा: ठरावीक दिवस ज्याची हजेरीच लागली नाही, त्याचे खाते तात्पुरते बंद. सुरक्षारक्षकाला माणूस गेल्याचे आयटीच्या कितीतरी आधी कळलेले असते.

खाते ॲक्टिव्ह डिरेक्टरीत बंद केले की काम संपले असे मात्र धरू नका. कीक्लोकमध्ये ॲक्टिव्ह डिरेक्टरीच्या खात्याची स्थिती वाचणारा मॅपर जोडलेला असावा. वापरकर्त्यांच्या कॅशला (जवळ ठेवलेल्या तात्पुरत्या प्रतींना) कमाल आयुष्य ठरवून द्या, नाहीतर जुनी स्थिती तिथे बसून राहते. बंद करणाऱ्या स्क्रिप्टनेच त्या माणसाची चालू सेशनही संपवावीत. आणि प्रत्येक ॲप्लिकेशनमध्ये जाऊन बघा, त्याचे स्वतःचे जुने लॉगिन-पान अजून उघडे आहे का? सिंगल साइन-ऑन (एकाच लॉगिनने सगळीकडे प्रवेश) जोडल्यावर ते पान बंद करायचे राहून जाते, आणि जुना पासवर्ड तिथे वर्षानुवर्षे चालतो. क्लाउडवरच्या ॲप्लिकेशनला स्किमचा (खाती आपोआप बनवण्या-बंद करण्याच्या मानकाचा) आधार असेल तर त्यानेच खाती बनवा आणि बंद करा.

नावांबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण गोव्यात हा त्रास वेगळ्याच पातळीवर आहे. एका कारखान्यात एकाच नावाआडनावाचे चार नाईक सहज भेटतात. तेच आडनाव रोमन लिपीत कोणी इंग्रजी वळणाने लिहितो, कोणी पोर्तुगीज काळातल्या कागदावर होते तसे. आधारवर एक, दाखल्यावर दुसरे. डिसोझा लिहिताना कोणी मध्ये अपॉस्ट्रॉफी देतो, कोणी जागा सोडतो, कोणी जोडून लिहितो. एका ठिकाणी एचआरची यादी वर्डमधून एक्सेलमध्ये उतरली होती, त्यामुळे तिथली अपॉस्ट्रॉफी वळणदार झाली. ॲक्टिव्ह डिरेक्टरीत आधीपासून होती ती कीबोर्डवरची सरळ. माणसाच्या डोळ्यांना दोन्ही एकच, सिंक करणाऱ्या प्रोग्रामला दोन वेगळी माणसे. त्याने दुसरे खाते बनवले, नव्या खात्याला अधिकार मिळाले, आणि माणूस गेला तेव्हा एकच खाते बंद झाले. लग्नानंतर बदललेल्या आडनावांचेही असेच होते.

म्हणून ओळख नावावर बांधूच नका. कर्मचारी क्रमांक हीच ओळख, कंत्राटी कामगारालाही क्रमांक, आणि एकदा दिलेला क्रमांक पुन्हा कोणालाही नाही. नाव हे फक्त दाखवण्यापुरते, ते कधीही बदलता यावे. औषध कंपनीत याला कायद्याचाही आधार आहे. अमेरिकेची औषध-नियामक संस्था एफडीए हिचा १९९७ चा इलेक्ट्रॉनिक नोंदींचा नियम, भाग ११, सांगतो की इलेक्ट्रॉनिक सही एकाच माणसाची असली पाहिजे आणि ती दुसऱ्या कोणाला पुन्हा देता येत नाही. गेलेल्या माणसाचे लॉगिननाव त्याच आडनावाच्या नव्या माणसाला दिले, तर तीन वर्षांपूर्वीच्या बॅचवरची सही नेमकी कोणाची, हा प्रश्न तपासणीत उभा राहतो.

त्याच नियमामुळे आणखी एक गोष्ट. सिंगल साइन-ऑन आले म्हणजे सहीच्या वेळी पासवर्ड विचारायचा नाही, असे काही जण समजतात. सही करताना माणसाने स्वतःला पुन्हा सिद्ध केले पाहिजे. ओपनआयडी कनेक्टमध्ये (ॲप्लिकेशन आणि कीक्लोक यांच्यातल्या लॉगिनच्या एका मानकात) ॲप्लिकेशनने 'लॉगिन पुन्हा विचारा' असे सांगायचे आणि परत आलेल्या टोकनमधली लॉगिनची वेळ खरोखर ताजी आहे का ते स्वतः तपासायचे. सॅमलमध्ये (तशाच दुसऱ्या मानकात) यासाठी 'फोर्स ऑथएन' आहे. दुसरा भाग, म्हणजे वेळ तपासणे, विक्रेते हमखास विसरतात. स्वीकृती-चाचणीत तो मुद्दा लिहूनच ठेवा. आणि शॉप फ्लोअरवरचे सामाईक लॉगिन, 'पॅकिंग१' वगैरे, याच कामाच्या ओघात बंद करा. लॉगिनला पाऊण मिनिट लागत होते म्हणूनच लोकांनी ते धरून ठेवले होते. वेग सुधारला की त्यांची ती सबब उरत नाही.

पासवर्डनंतरच्या दुसऱ्या टप्प्याच्या ओळखीचे सूत्र कार्यालयासाठी आणि उत्पादनासाठी एकच ठेवता येणार नाही. उत्पादन विभागात मोबाइल नेऊ देत नाहीत, म्हणजे ओटीपी ॲप आणि एसएमएस दोन्ही बाद. एसएमएसला तसाही माझा विरोध आहे, आणि आपल्याकडे डीएलटीवर (व्यावसायिक एसएमएसच्या नोंदणी-व्यवस्थेत) नोंदलेल्या टेम्प्लेटपेक्षा मजकूर थोडा जरी वेगळा झाला तरी संदेश वाटेतच अडतो. फ्लोअरसाठी सिक्युरिटी की (ओळख पटवणारे छोटे उपकरण) किंवा कार्ड बघा, पण हातमोजे घालून ते चालते का हे खरेदीआधी प्रत्यक्ष त्या खोलीत तपासा. पासकी (पासवर्डऐवजी उपकरणात साठवलेली डिजिटल किल्ली) आणि सिक्युरिटी की या डोमेनच्या नावाला बांधलेल्या असतात. पुढे कीक्लोकचा पत्ता वेगळ्या डोमेनवर नेला तर सगळ्यांची नोंदणी पुन्हा करावी लागेल. पत्ता आधी कायमचा ठरवा.

खाते कुलूपबंद होण्याचे गणित जुळवून घ्या. कीक्लोकचे ब्रूट-फोर्स संरक्षण (अंदाजाने पासवर्ड टाकत राहणाऱ्यांविरुद्धचे) मुळात बंद असते. चालू केले तरी त्याची चुकांची मूळ मर्यादा ३०. ॲक्टिव्ह डिरेक्टरीत तुम्ही पाच ठेवली असेल तर बाहेरचा कोणीही लॉगिनच्या पानावर पाच चुकीचे पासवर्ड टाकून तुमच्या प्लांट हेडचे विंडोज खाते बंद पाडू शकतो. कीक्लोकची मर्यादा ॲक्टिव्ह डिरेक्टरीच्या मर्यादेपेक्षा कमी ठेवा. पानाचा प्रशासकी भाग इंटरनेटवरून दिसता कामा नये, हे सांगायला नको. आणि एनजिनएक्सने पुढून आलेले फॉरवर्डेड हेडर (विनंती मुळात कोणत्या आयपीवरून आली ते सांगणारे) पुसून स्वतःचे लिहावेत, नाहीतर लॉगमधले आयपी निरुपयोगी ठरतात.

लॉगचा विषय निघाला म्हणून: सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे नोंदी १८० दिवस ठेवायच्या, ठरावीक प्रकारच्या घटना सहा तासांत कळवायच्या आणि घड्याळे एनआयसी (राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्र) किंवा एनपीएल (राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा) यांच्या वेळेशी जुळवायची. कीक्लोकमध्ये घटना साठवणे वेगळे चालू करावे लागते, प्रशासकांच्या कृतींची नोंद त्याहून वेगळी. त्या मूळ डेटाबेसमध्येच साठवत बसू नका, लॉग सर्व्हरकडे पाठवा. घड्याळाचे महत्त्व लॉगपुरते नाही. केर्बेरॉस (विंडोज डोमेनची लॉगिन-पद्धत) पाच मिनिटांचा फरक सहन करते, ओटीपीचा आकडा तीस सेकंदांनी बदलतो, सॅमलच्या विधानाला सुरू आणि संपण्याची वेळ असते. जूनमध्ये पहिल्या पावसाबरोबर वीज खेळू लागते, यूपीएस दमतो, सगळे सर्व्हर एकदम उठतात आणि व्हर्च्युअल मशीन चुकीच्या वेळेसह जागी होतात. उठण्याचा क्रम लिहून भिंतीवर लावा: आधी वेळ आणि डीएनएस, मग डोमेन कंट्रोलर, मग पोस्टग्रेस, सगळ्यात शेवटी कीक्लोक. २६ पासून सेशन डेटाबेसमध्ये टिकतात, त्यामुळे निदान वीज आल्यावर सगळ्यांना पुन्हा लॉगिन करावे लागत नाही. आणीबाणीची दोन प्रशासकी खाती बंद पाकिटात, कोणत्याही बाहेरच्या प्रणालीवर अवलंबून नसलेली, ठेवा आणि अधूनमधून पाकीट उघडून ती चालतात का ते बघा.

हे सगळे बदल एकाच आठवड्यात करू नका. एक बदल, एक सकाळ, एक मोजमाप. एलडॅपचा पत्ता आणि टाइमआउट आधी, मग गट, मग पोस्टग्रेस, मग टोकन. चवथीच्या सुट्टीत प्लांट जवळजवळ रिकामा असतो. त्या दोन दिवसांत प्लांटच्या नेटवर्कवरूनच भारचाचणी घ्या. कीक्लोक प्रकल्पाचे स्वतःचे, गॅटलिंग या भारचाचणीच्या सॉफ्टवेअरवर आधारलेले, चाचणी-साधन आहे. सेकंदाला दहा लॉगिन, मग वीस, मग एक सर्व्हर मुद्दाम बंद करून पुन्हा वीस. चाचणीची खाती ॲक्टिव्ह डिरेक्टरीत असू द्या, स्थानिक नकोत, नाहीतर खऱ्या वाटेची चाचणीच होणार नाही. एका सर्व्हरवर वीस लॉगिन झेलताना सीपीयू सत्तर टक्क्यांच्या वर टिकून राहिला आणि डोमेन कंट्रोलर, पोस्टग्रेस दोघेही मोकळे दिसले, तर तिसऱ्या सर्व्हरची मागणी करा. मी स्वतः तुमच्या बाजूने ती लिहून देईन. तसे दिसले नाही, तर ते पैसे फ्लोअरवरच्या सिक्युरिटी की आणि एचआर-कंत्राटदार जोडणीच्या कामाला मागा.